पहाटेची तहान

आमच्या घराण्यात झाड लावणारा पहिला माणूस माझा दादा. दादा म्हणजे आजोबा. आमच्या गोर बोलीत आजोबाला दादाच म्हणतात. त्याच्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी झाडाशी संबंध ठेवला तो सावलीपुरता. बैलांच्या पाठीवर मीठ नाहीतर धान्य लादून मुलूखभर हिंडायचं, झाड दिसलं की खाली बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि उजाडलं की चालू पडायचं. झाडाला फळ धरेपर्यंत आमचा तांडा चार मुक्काम पुढे गेलेला असायचा.

ही गोष्ट मी शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितली आहे, की आता शिपाईसुद्धा माझ्याआधी पुढचं वाक्य बोलतो. खरं तर ती उभं राहूनच सांगायची गोष्ट आहे, कारण तिच्यात दादाची चाल करून दाखवावी लागते. कागदावर चाल करून दाखवता येत नाही. तरी बघू. आणखी एक कबुली आधीच देते. घरात आम्ही गोर बोलीत बोलायचो, पण तुम्हाला कळावं म्हणून इथे सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावणार आहे. त्यातली बरीच माणसं आता गेली आहेत, तक्रार करायला येणार नाहीत. एक भाऊ उरला आहे आणि तो तसाही वऱ्हाडीच बोलतो.

तर, दादा तरुणपणी अमरावतीकडे संत्र्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरायला गेला होता. तिथल्या बागमालकाच्या मागे लागून लागून त्यानं साठ कलमं मिळवली आणि ओल्या पोत्यात गुंडाळून तांड्यावर आणली. आमचा तांडा बोरी अरबपासून तासाभराच्या चालीवर. अख्खा तांडा ती काडीएवढी झाडं बघायला जमला. तांड्याचा नायक, म्हणजे आमचा प्रमुख, पुढे झाला. त्यानं एका काडीला बोट लावलं आणि विचारलं,

"याले फळ केव्हा?"

"पाचव्या वर्षी."

"अन् तवरिक आपन कुठं असून?"

दादा म्हणाला, "इथंच."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. गंमत म्हणजे तांडा तिथे बसून तोवर वीसेक वर्षं झाली होती. घरं होती, शेतं होती, दोन पोरं शाळेतही जात होती. पण तो शब्द तोंडातून काढायची कोणाची हिंमत झाली नव्हती. नायक म्हणे नुसता "हं" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दारात एक लिंबू लावून मोकळा झाला.

संत्र्याची बाग हे मोठं नाटकी प्रकरण असतं. आंब्याला काही सांगावं लागत नाही, वेळ झाली की तो मोहरतो. संत्र्याला आधी छळावं लागतं. हिवाळा लागला की बागेचं पाणी बंद करायचं. एक थेंब द्यायचा नाही. याला ताण देणं म्हणतात. झाड हळूहळू पिवळट पडतं, पानं दोन्ही कडांनी आत वळून दोन्यासारखी, म्हणजे द्रोणासारखी, होतात, काही गळतात. झाडाला वाटतं, आपलं काही खरं नाही. आणि मग नेमक्या दिवशी पाणी द्यायचं. पहिलं अगदी हलकं, जीभ ओली करण्यापुरतं; त्याला आंबवणी म्हणतात. मग थोडं जास्त. मरता मरता वाचलेलं झाड असं काही फुलून येतं, की पंधरवड्यात बाग पांढरीशुभ्र आणि वास थेट रस्त्यापर्यंत. पाणी एक आठवडा आधी दिलं तर नुसती पालवी फुटते. एक आठवडा उशीर झाला तर झाड मरतं. तो नेमका दिवस ओळखायचा, एवढीच सगळी विद्या.

ही विद्या दादाकडे होती. त्याला भीती होती ती घरच्यांच्या दयेची. म्हणून ताण सुरू झाला, की तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हँडल काढून घरी आणायचा आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवायचा. "बाग दुष्काळानं मरत नाही, दयेनं मरते," असं म्हणायचा.

मी नऊ वर्षांची असताना ती दया केली.

त्यात माझी चूक थोडी आणि तिजेची जास्त. श्रावणात आमच्या तांड्यावर तीज असते. कुवार पोरी टोपल्यांत माती घालून गहू पेरतात आणि रोज गाणी म्हणत, विहिरीवरून पाणी आणून त्याला घालतात. नऊ-दहा दिवसांत हातभर पिवळे-हिरवे कोंब. ज्या पोरीचे कोंब खुजे राहतात तिला सगळ्या चिडवतात. त्या वर्षी माझे कोंब सगळ्यांत उंच आले होते. मी स्वतःला तांड्यातली पाणी घालण्याची सर्वांत मोठी तज्ज्ञ समजत होते. आणि चार महिन्यांनी बघते तर काय, दादाच्या बागेतलं बांधाजवळचं झाड मान टाकून उभं, आणि त्याला कोणी पाणीच घालत नाहीये!

मग काय, रोज संध्याकाळी घरातली कळशी उचलायची, सगळ्यांची नजर चुकवून बागेत जायचं, तिजेची गाणी हळू आवाजात म्हणायची आणि झाडाच्या बुंध्याशी कळशी रिकामी करायची. घरी परत येताना रिकामी कळशी डोक्यावर उलटी घातलेली असायची. याडीनं, माझ्या आईनं, एकदा विचारलं, "हे काय वो?" मी म्हटलं, "थंडी वाजून राह्यली."

बाग फुलली. सगळी बाग पांढरी आणि बांधाजवळचं एक झाड हिरवंगार, पोपटासारखं. एक फूल नाही.

दादानं न्यायालय भरवलं. मला जे नाटकाचं वेड आहे ते त्याच्याकडून आलं आहे. तो माझ्याहून मोठा नट. त्यानं खाट बागेत आणली, त्या झाडासमोर मांडली, फेटा बांधला, आणि घरादाराला मागे उभं करून झाडाचीच उलटतपासणी सुरू केली.

"काहून रे? तुले कोनी पानी देल्लं?"

झाड गप्प.

"सांग. लाजू नको. इथं सगळे घरचेच हायेत."

झाड बोललं नाही, पण मी भोकाड पसरलं. दादानं खाटेवरून मान वळवली.

"पोट्टे, कायले पानी देल्लं?"

"त्याले तहान लागली होती."

"तुले कसं समजलं?"

"त्यानं मान टाकली होती."

"कधी?"

"दुपारी."

दादा हसला. "अवो, दुपारी तं मीबी मान टाकतो. तुह्या मायनं वरणात मीठ टाकलं नाही, तं म्या दोन डाव मान टाकतो. दुपारची तहान नाटकी रायते, पोट्टे. झाडाले पाहाचं असन तं पहाटे याचं. रातभर गारवा भेटूनबी पहाटे ज्याची मान खाली, त्याची तहान खरी. मंग त्याले पानी द्याचं. मंग एक दिवस थांबाचं नाही."

माझ्या बापानं, बापूनं, मागे उभ्या उभ्या हे ऐकलं. तो घरात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. दादाचं नाटक चालू असताना त्यानं फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या झाडाचं नाव तेव्हापासून पडलं 'लाडाचं'.

दादा गेला तेव्हा मी कॉलेजात होते. बाग बापूकडे आली. संत्र्याचं झाड माणसापेक्षा कमी जगतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दादानं लावलेल्यातलं एकही झाड आज नाही. एकेक वाळत गेलं आणि बापूनं प्रत्येकाच्या जागी, त्याच खड्ड्यात नवीन कलम लावलं. नावंही तीच ठेवली. 'लाडाचं' आता तिसरं आहे. पण कोणी पाहुणा आला की बापू दाखवायचा, "हे माह्या बापानं लावलेलं," आणि त्यात त्याला काही खोटं वाटायचं नाही. मी मराठीची मास्तरीण, मी एकदा म्हटलं, "बापू, झाड नवीन आहे, दादानं लावलेलं कसं?" बापू म्हणाला, "खड्डा त्याचाच हाय ना."

डिझेल इंजिन गेलं, विजेची मोटर आली. स्टार्टरच्या पेटीला बापूनं कुलूप लावलं. ताण सुरू झाला की त्याची किल्ली करदोड्याला बांधायचा. आंघोळीतही ती कमरेला. भाऊ त्याच्यासोबतच शेती करतो, त्याला मी भिया म्हणते, आणि तो मला बाई. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. भियाला कपाशीतलं, तुरीतलं सगळं समजतं. पण बागेचा दिवस बापूच ठरवायचा. पहाटे जाऊन यायचा, परत आला की चुलीपाशी बसून म्हणायचा, "अजून नाही." मग एका दिवशी काहीच न बोलता करदोड्याची गाठ सोडायचा. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या गाठीवर घर चालायचं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात ताण सुरू झाला आणि महिना उलटल्यावर एका सकाळी बापू बागेतून परत येता येता बांधावर पडला. उजवी बाजू गेली. भियानं त्याला गाडीत घालून यवतमाळला आणलं, आणि मी तिथल्याच माझ्या शाळेतून तशीच दवाखान्यात गेले. सिस्टरनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे कपडे, चष्मा आणि कापलेला करदोडा माझ्या हातात दिला. किल्ली त्याला तशीच होती. मी पिशवी पर्समध्ये टाकली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं नीट समजावून सांगितलं, की गिळण्याची ताकद गेली आहे. तोंडातून पाणी दिलं तर ते फुफ्फुसात उतरेल आणि तिथेच सगळं संपेल. नाकातल्या नळीनं अन्नपाणी पोटात जाईल. ओठ मात्र ओल्या कापसानं पुसत जा. पंधरा दिवसांनी गिळता येतं का ते पुन्हा पाहू.

"तहान लागली म्हणाले तर?" मी विचारलं.

"म्हणतील," डॉक्टर म्हणाला. "मन घट्ट करा."

भियाला कपाशीची वेचणी होती, घरी जनावरं होती. याडी आधीच गेली होती, म्हणून त्यानं शेत सांभाळायचं आणि मी बापूला, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बापूनं डोळे उघडले, डावा हात हलवला आणि जड जिभेनं पहिला शब्द बोलला.

"पानी दे."

आता इथे मला एक शब्द तुमच्यासमोर ठेवावा लागेल. शाळेत मी मुलांना शिकवते, की माणसाला पाणी पाजतात आणि शेताला पाणी सोडतात. चुकलं तर तांबड्या शाईनं गोल करते. पण घरी आमच्याकडे एकच शब्द. माणसाला पाणी द्यायचं, बैलाला द्यायचं, बागेलाही द्यायचंच.

मी कापूस ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. पुन्हा म्हणाला, "पानी दे." मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी विनोद करते, ही सवय दादाची. मी कमरेवर हात ठेवले, दादाचा आवाज काढला आणि म्हटलं,

"बापू, दुपारची तहान नाटकी रायते!"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. तिचा मुलगा हसला. आत येणारी सिस्टर हसली. आणि बापू, अर्ध्या तोंडानं का होईना, पण हसला. मी इतक्या लोकांना इतक्या वर्षांत हसवलं आहे, पण त्या हसण्यासारखं दुसरं मिळालं नाही. बाहेर जाऊन भियाला फोन करून सांगितलं, "बापू हसला!" तोही फोनवर हसला.

त्यानंतर बापूनं दुपारी पाणी मागितलं नाही. एकदाही नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मला वाटलं, समजलं त्याला, शहाणा आहे माझा बाप.

तो पहाटे मागायला लागला.

खिडकीबाहेर उजाडायच्या आत त्याचे डोळे उघडे असायचे. मी खाटेखाली चटईवर असायची. डाव्या हातानं तो खाटेची पट्टी वाजवायचा. मी उठले की म्हणायचा, "पानी दे, बाई." तो मलाही बाई म्हणायचा, भियाचं ऐकून. मी कापूस ओला करायची. तो मान हलवायचा, नाही नाही अशी. उजवा हात, जो आता त्याचा राहिला नव्हता, तो डाव्या हातानं उचलून मला दाखवायचा. बोटं आत वळून पंजा दोन्यासारखा झाला होता. "पाह्य," म्हणायचा. मी तो हात चोळायची. व्यायाम करवून घ्यायचा असं सांगितलं होतं ना. एकेक बोट सरळ करायची, ते परत वळायचं. तो मला तेच दाखवत राहायचा आणि मी तेच चोळत राहायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी भियाचा फोन आला. बागेतूनच बोलत होता.

"बाई, बाग पानं गाळून राह्यली. पहाटेबी मान खालीच हाय. किल्ली तुह्यापाशी हाय का?"

"आहे. पर्समध्ये आहे."

"धाड मंग. नाही तं कुलूप तोडू?"

"अरे, बापूचं कुलूप तू तोडणार? मागे तू आठवडाभर आधी पाणी दिलंस तेव्हा काय झालं होतं?"

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बापूनं एकदाच किल्ली त्याच्या हाती दिली होती, आणि त्या वर्षी सगळी बाग 'लाडाची' झाली होती.

"बापूले इचारून पाह्य," तो म्हणाला. "बोलते का थो?"

"कुठे बोलतो रे. पहाटे उठून पाणी दे, पाणी दे करतो, तेवढंच. बाकी एक अक्षर नाही. तो नीट बोलला की मी विचारते आणि किल्ली पाठवते."

भियानं ते सगळं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाला.

किती सरळ गोष्ट होती! आज लिहिताना मी ती तुमच्यापुढे ओळीनं मांडली आहे, तर तुमच्या केव्हाच लक्षात आली असेल. मला नाही आली. मी रोज पहाटे त्या माणसाच्या ओठांना कापूस लावत होते आणि माझ्या शहाणपणाचं मला कौतुक वाटत होतं, की बघा, मन किती घट्ट केलं आहे. नऊ वर्षांची असताना जे जमलं नाही ते आता जमत होतं.

बाराव्या दिवशी पहाटे त्यानं पट्टी वाजवली नाही. मी आपणहून उठले. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होते. "पाणी पाहिजे?" मी विचारलं. त्यानं डोळे मिटले. ते "हो" होतं की कंटाळा होता, मला कळलं नाही. दुपारी तो गेला.

तांड्यावर आणल्यावर रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. म्हातारे, बाया, सुना, शाळेतून आलेली पोरं. ओळ लागली होती. तांब्या संपला की कोणीतरी भरून आणायचं. त्याच्या तोंडातून ते बाजूनं वाहून खालची माती भिजत होती. माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातून तांब्या निसटून पडला. कोणीतरी मागून म्हणालं, "धरा वो तिले." त्यांना वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. बारा दिवस मी ज्याला एक घोट दिला नाही, त्याला आता अख्खा तांडा पाजत होता, आणि कोणी त्यांना थांबवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भिया म्हणाला, "किल्ली दे." आम्ही दोघं बागेत गेलो. बांधापासूनच दिसत होतं. पानं खाली पडून त्यांचा चुरा झाला होता, फांद्या उघड्या. उरलेली पानं घट्ट वळलेली. भियानं एक पान तोडून तळहातावर ठेवलं. ते पान त्याच्या तळहातावर दोन्ही कडा आत घेऊन पडलं होतं, आणि मला बापूचा उजवा पंजा दिसला.

मी खाली बसले.

"भिया," मी म्हटलं, "तो हात दाखवायचा मला. रोज पहाटे. पाह्य म्हणायचा."

भिया माझ्याशेजारी बसला. "तू फोनवर सांगतलंतं ना मले," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बापू पहाटे पानी दे म्हनते, असं. म्या म्हटलं, बाई मास्तरीन हाय, तिले समजलं असन. दोन दिवसांत किल्ली घेऊन येतच असन. म्या वाट पाह्यली."

"मला वाटलं त्याला तहान लागली."

"लागली असनच ना," भिया म्हणाला. "त्यालेबी लागली असन."

त्यानंतर आम्ही कधीच त्यावर बोललो नाही, आणि मला अजून उत्तर मिळालेलं नाही. तो बागेसाठी मागत होता की स्वतःसाठी? बागेसाठी असेल, तर डॉक्टरचा काही संबंध नव्हता. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. स्वतःसाठी असेल, तर त्यानं माझ्या एका विनोदाला मान देऊन दुपारची तहान सोडून दिली आणि पहाटेपर्यंत थांबत राहिला, की आता तरी हिला खरी वाटेल. कधी मला एक खरं वाटतं, कधी दुसरं. दोन्हीत पाणी मीच दिलेलं नाही.

त्या दिवशी भियानं कुलूप उघडलं आणि मोटर लावली. आंबवणी, हलकं पाणी, असलं काही आम्हा दोघांना सुचलं नाही. धो धो सोडलं. अर्ध्याहून जास्त झाडं वाळली. पावसाळ्यात भियानं दादाच्या त्याच खड्ड्यांत नवीन कलमं लावली. मी सुट्टीच्या दिवशी यवतमाळहून दारव्ह्याच्या बसनं बोरी अरबला उतरायची, चालत तांड्यावर जायची आणि खड्डे भरू लागायची. 'लाडाचं' वाचलं होतं. बांधाजवळ ओल असते, त्यामुळे त्याला ताण कधी नीट बसतच नाही.

यंदा मार्गशीर्ष आला. वाचलेल्या झाडांना ताण द्यायचा होता. भियानं मोटर बंद केली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

"तू ठेव. तू मोठी हायस."

"मला नको."

"दादापाशी तूच शिकली. मले कपाशी समजते, बाग समजत नाही. तू सांगशीन तवा पानी द्याचं."

मी किल्ली घेतली. बाईमाणसाला करदोडा नसतो, म्हणून मंगळसूत्राला अडकवली. शाळेत पोरींनी विचारलं, "मॅडम, हे काय नवीन डिझाइन?" मी म्हटलं, "हिऱ्यांच्या तिजोरीची आहे." वर्गात हशा झाला.

दहा दिवस धरलं. बाग अजून हिरवीच होती, पान नुसतं जरा सैल पडलं होतं. दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी उचलायचं. नाटक, शुद्ध नाटक. दादानं खाटेवरून खो खो हसत सांगितलं असतं, की अजून तीन आठवडे बघायला यायचं कारण नाही. मला सगळं समजत होतं. अकराव्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला, बसनं गेले, सरळ बागेत जाऊन पेटी उघडली आणि बटण दाबलं. पाणी पाटातून पळत सुटलं. मी चपला काढल्या आणि त्याच्या पुढे पुढे चालत गेले, झाडाझाडाला सांगत, आलं, आलं, आलं.

मोटरचा आवाज ऐकून भिया कपाशीतून धावत आला. बांधावर थांबला. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, पानं वळली होती का?"

"नाही."

"पहाटे पाह्यलं होतं?"

"नाही रे."

तो उतरून खाली आला. फावडं घेतलं आणि ज्या ओळीत पाणी शिरत नव्हतं तिकडे पाट वळवून दिला. एवढंच केलं. 'लाडाच्या'पाशी पोहोचल्यावर म्हणाला, "आता सगळेच लाडाचे."

माघात आजूबाजूच्या बागा फुलल्या. बसमधून उतरलं की वास येतो. आमची बाग अशी हिरवी आहे, की बघणाऱ्यानं वा म्हणावं. जाड, लुसलुशीत पालवी, आणि फूल शोधून सापडत नाही. तांड्यातली माणसं बांधावरून जाताना थांबतात. एका म्हातारबानं भियाला विचारलं, "काहून रे, यंदा ताण देल्ला नाही का?"

"देल्ला होता," भिया म्हणाला. "बाईले देता आला नाही."

मग त्यानं माझ्यासमोर हात पसरला. मी गळ्यातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं शर्ट वर केला आणि करदोड्याला गाठ मारायला लागला. त्याला ती बापूसारखी नीट जमेना. मी वाकून मारून दिली.